रोपे आणण्याआधी माळरानाची मापे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग नक्षत्र जवळ आले की 'माळरानावर फुलले नंदनवन' अशा मथळ्यांच्या बातम्या आपल्यासह सगळ्याच वृत्तपत्रांत येऊ लागतात. त्या वाचून उमेद येते, हे खरे आहे. पण त्यांत खड्डा किती खोल होता, तळाला काय लागले, शेणखत किती टन पडले, पहिल्या उन्हाळ्यात झाडाला रोज किती लिटर पाणी दिले, यांतले काहीच नसते. मग सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड, देवळा भागातले लोक जूनमध्ये रोपांची गाडी उतरवतात आणि पुढच्या मे महिन्यात शेतात काटक्या उरतात. बरड जमिनीवर सेंद्रिय आणि मिश्र फळबाग उभी राहते, याबद्दल आम्हाला शंका नाही. मात्र तिची सुरुवात रोपापासून करायची नसते. रोप लावण्याआधीचे एक वर्ष, शक्य असेल तर दोन वर्षे, फक्त पाणी आणि माती यांना द्यावी लागतात. त्याची मापे या पत्रात देत आहोत.

नाशिक जिल्ह्याचा पाऊस एकसारखा नाही. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तर पूर्वेकडच्या तालुक्यांत तो ५००-६०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही मोजक्या सरींत पडतो. पण ५५० मिलिमीटर म्हणजे एकरी २२ लाख लिटर पाणी. बरड रान बरड राहते ते पाऊस नाही म्हणून नव्हे. पडलेले पाणी उघड्या मुरमावरून मातीसकट निघून जाते, म्हणून.

सर्वांत आधी कुदळ-पहार घेऊन एकरी तीन चाचणी खड्डे घ्या. एक उताराच्या माथ्यावर, एक मध्ये, एक तळाशी. प्रत्येक खड्डा मीटरभर खोल, किंवा खडक लागेपर्यंत. माती किती बोटे आहे, खाली मऊ लाल मुरूम आहे की पांढरा चुनखडीचा थर, की सलग कातळ, हे लिहून ठेवा. भेगा असलेला मुरूम झाडाला चालतो, मुळे भेगांतून खाली उतरतात. सलग कातळ मात्र ३० सेंटिमीटरच्या आत असेल तर तिथे फळझाड लावूच नका. ती जागा गवत, करवंद, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) आणि पाणी अडवणारे चर यांना द्या. ३० ते ६० सेंटिमीटर माती आणि खाली फुटणारा मुरूम असेल तर बोर, सीताफळ, आवळा. त्याहून थोडी खोल असेल तर अंजीर, पेरू, डाळिंब, चिंच. केशर आंबा आणि जांभूळ मीटरभर खोलीच्या, ओढ्याकाठच्या गाळाच्या पट्ट्यातच. एकाच पाच एकरांत या चारही प्रकारच्या जागा सापडतात. मिश्र बाग तिथूनच ठरते. बाजारात यंदा कशाला भाव आहे यावर ती ठरवली तर दहा वर्षे चुकीच्या जागी चुकीचे झाड सांभाळत बसावे लागते.

त्याच खड्ड्यांत आणखी दोन तपासण्या होतात. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. जोरात फसफसले तर चुनखडी जास्त आहे. अशा जमिनीत आंबा, लिंबू, पेरू यांची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण लोह असूनही मुळांना ते मिळत नाही. बोर आणि आवळा ही जमीन बऱ्यापैकी सोसतात. मुक्त चुन्याचे नेमके प्रमाण, सामू (पीएच) आणि क्षारता यांसाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावाच लागतो. जिल्ह्यात नाशिक आणि मालेगाव अशा दोन्ही ठिकाणी कृषी विज्ञान केंद्रे आहेत. दुसरी तपासणी पाण्याची. खड्डा एकदा भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळचे पाणी २४ तासांत उतरते का पाहा. उतरले नाही तर तो खड्डा पावसाळ्यात हौद होणार आणि रोप बुडून मरणार. कोरडवाहू भागात रोपे तहानेने मरतात असा समज आहे, पण मुरमात खोदलेल्या खड्ड्यांतली बरीच रोपे ऑगस्टमध्ये मुळे सडून गेलेली असतात. ती वाळलेली दिसतात डिसेंबरात, म्हणून दोष पाण्याच्या टंचाईला दिला जातो.

आता चर. सलग समपातळी चराचे, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत खोदलेल्या चराचे रूढ माप ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असे आहे. या मापाचा चर दर मीटरला १८० लिटर पाणी धरतो. दोन चरांत १० मीटर अंतर ठेवले तर एकरात साधारण ४०० मीटर चर बसतो आणि एका भरणीला ७२ हजार लिटर अडतात. ४० मिलिमीटरची एक जोरदार सर एकरावर १ लाख ६० हजार लिटर टाकते. त्यातले निम्मे वाहते असे धरले तरी ८० हजार होतात. म्हणजे मोठ्या सरीचे वाहते पाणी बहुतेक सगळे शेतातच थांबते. उतार जास्त असेल तिथे चर जवळ घ्या, कमी असेल तिथे लांब.

पातळी काढायला यंत्र लागत नाही. दोन-दोन मीटरचे दोन बांबू वर बांधून खाली फाकवा, मध्ये आडवी काठी बांधा आणि वरच्या गाठीतून ओळंबा सोडा. सपाट जागी उभे करून दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे खूण करा. मग पाय अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या मधोमध तुमची पातळीची रेघ. ही अदलाबदल न करता घेतलेली पातळी हमखास तिरकी निघते. चर जरा जरी तिरका झाला तरी सगळे पाणी एका टोकाला धावते, तिथला बांध फुटतो आणि खाली नवी घळ पडते. म्हणून दर १०-१५ मीटरवर हातभर जागा न खोदता सोडावी. चराची माती खालच्या अंगाला टाकून बांध घालावा आणि त्यावर लगेच स्टायलो (चाऱ्याचे शेंगवर्गीय पीक) किंवा हुलगा (कुळीथ) पेरावा. पहिला मोठा पाऊस झाला की त्याच दिवशी चरावरून फिरून या. पाणी कुठे साचले, कुठे ओसंडले, ते पाण्याइतके अचूक कोणी दाखवत नाही. फळझाडाची ओळ चराच्या खालच्या अंगाला मीटरभर अंतरावर, बांधाच्या उताराला धरावी. तिथे ओल पोचते, पण बुंध्याशी पाणी उभे राहत नाही.

शेततळ्याबद्दल स्पष्ट लिहायला हवे, कारण जिल्ह्यात बराच पैसा त्यात गेला आहे. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल आणि दीडास एक उताराच्या बाजू असलेल्या तळ्यात जवळपास १९ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. ते भरायला उघड्या रानातून वाहून येणारे पाणी पावसाच्या पाव हिश्शाइतके धरले, तरी साडेतीन-चार एकरांचे पाणलोट लागते. त्याच उतारावर वर चर घेतले असतील तर तळ्यात त्याहून कमी येणार. चरही भरावेत आणि तळेही भरावे ही अपेक्षा एका उताराकडून ठेवता येत नाही. मग तळे विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरले जाते. जमिनीखाली झाकलेले पाणी वर आणून उन्हात ठेवण्याचा हा प्रकार आम्हाला अजिबात मान्य नाही. हिशेब पाहा. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत रोज सरासरी पाच मिलिमीटर बाष्पीभवन आणि सरासरी ७५० चौरस मीटर पाण्याचा पृष्ठभाग धरला तर रोज ३,७५० लिटर, म्हणजे हंगामात ९ लाख लिटर हवेत जातात. तळ्यातले जवळपास निम्मे. उरलेल्या १० लाख ७० हजार लिटरमधून रोज १० लिटरप्रमाणे सुमारे ४४५ झाडे आठ महिने जगतात. पाच एकरांच्या मिश्र बागेला एवढे पुरते, पण झाडे विचारपूर्वक निवडली असतील तरच. तळे पसरट घेण्यापेक्षा खोल घ्या, ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घाला, पाणी आत येण्याच्या तोंडाशी गाळ बसण्यासाठी वेगळा खड्डा ठेवा. भोवती कुंपण आणि चारही बाजूंनी आत सोडलेले, गाठी मारलेले जाड दोर असायलाच हवेत. प्लास्टिकच्या घसरड्या उतारावरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. ही खबरदारी पुढच्या वर्षावर ढकलण्याची नाही.

पहिल्या पावसाळ्यात चरांच्या मधल्या पट्ट्यात हुलगा, मटकी, तूर पेरा. ताग सगळे सुचवतात, एकरी २० ते २५ किलो बी, फुलोऱ्यावर गाडायचा. चांगल्या जमिनीत तो पुरुषभर वाढतो, पण निव्वळ बरडात पहिल्या वर्षी गुडघ्याच्या वर जात नाही आणि गाडण्याजोगे काही मिळत नाही. हुलगा तिथेही जमीन झाकतो. तो उपटू नका. वरचा पाला कापून जागीच पसरा, मुळे जमिनीत राहू द्या. बांधावर गिरिपुष्प लावा, पण फांद्या खोचण्यापेक्षा बियांपासून केलेली रोपे लावा. फांदीची मुळे उथळ राहतात आणि कोरड्या उन्हाळ्यात ती झाडे आधी मरतात. पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूला वाऱ्याची भिंत उभी करा: बांबू, शेवरी, सुरू, शेवगा. फुलोऱ्यातली गळ आणि रोपांचे वाळणे यांतला मोठा वाटा वाऱ्याचा असतो, तो डोळ्यांना दिसत नाही एवढेच.

धरणातला गाळ मिळतो म्हणून सगळ्या शेतात ओतू नका. एकरावर ५ सेंटिमीटर थर द्यायचा तर २०० घनमीटर, म्हणजे ७० ब्रास गाळ लागतो. तोच गाळ झाडांच्या ओळींत आणि खड्ड्यांत घातला तर सुमारे १२ ब्रासमध्ये शंभर मोठ्या खड्ड्यांचा एक तृतीयांश भाग भरतो. निव्वळ गाळ कधीच वापरू नये. तो पावसात चिकट होऊन पाणी धरतो आणि उन्हात भेगाळून कोवळी मुळे तोडतो. एक भाग गाळ, दोन भाग मुरूम. आणि गाळाचीही क्षारता तपासून घ्यावी.

आता झाडांची निवड. मिश्र बाग म्हणजे दहा जातींची दहा-दहा झाडे नव्हेत. झाड पाणी कधी मागते, यावरून मेळ घालायचा. सीताफळाची पाने जानेवारीनंतर झडतात आणि मोठे झाड पाऊस जवळ येईपर्यंत निजलेले असते. बोराची छाटणी एप्रिल-मेमध्ये, तेव्हा त्यालाही पाणी नको. आवळ्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये फूल येते, पण धरलेले फळ पाऊस पडेपर्यंत वाढत नाही. चिंचेची मुळे स्वतःची सोय करतात. या चौघांना टंचाईच्या चार महिन्यांत जगण्यापुरते पाणी पुरते. याउलट आंबा, जांभूळ आणि मीठा बहार (उन्हाळ्यात तोडीला येणारा बहार) धरलेले अंजीर नेमके मार्च ते मे या काळात फळ पोसतात. म्हणून पाच एकरांत आमच्या मते निजणारी झाडे तीन चतुर्थांश आणि उन्हाळी तहानेची एक चतुर्थांश, याहून जास्त नकोत. तोडणीही आपोआप वाटली जाते. जूनमध्ये जांभूळ, ऑगस्ट ते नोव्हेंबर सीताफळ, ऑक्टोबर ते डिसेंबर आवळा, मग बोर आणि पेरू, फेब्रुवारी-मार्चमध्ये चिंच, पुढे अंजीर. घरच्या माणसांच्या बळावर बाग चालते ती अशा वाटणीमुळे.

अंतरे सांगायची तर सीताफळ ५ बाय ५ मीटर, एकरी १६० झाडे. बोर ६ बाय ६, ११२ झाडे. आवळा ७ बाय ७, ८२ झाडे. चिंच १० बाय १०, ४० झाडे, आणि तिच्या सावलीत दुसरे काही धरू नका. कुंपणाला करवंद दोन ओळींत, मीटर-मीटरवर, एकाआड एक. त्याचे कुंपण व्हायला तीन वर्षे लागतात, तोवर तार लागेलच. येवल्याकडच्या ममदापूर-राजापूर भागात काळविटे आहेत, इतरत्र रानडुकरे आणि मोकाट शेळ्या. एका रात्रीत दोन वर्षांची वाढ जाते.

आवळ्याबाबत एक चूक वारंवार दिसते. एकाच जातीची ऐंशी झाडे लावतात. झाडे उत्तम वाढतात, फुलतात आणि फळ धरत नाही, कारण आवळ्याला स्वतःच्या जातीचे पराग चालत नाहीत. कृष्णा, कांचन, एनए-७ अशा निदान दोन जाती ओळीआड ओळ लावाव्यात. बोर शक्यतो जागेवरच बी टोकून वाढवावे आणि नंतर त्यावर उमराणसारख्या जातीचा डोळा भरावा. पिशवीत वाढलेल्या बोराचे सोटमूळ वेटोळे होते आणि अशा झाडाला कायमचे पाणी द्यावे लागते. सीताफळात बाळानगर आणि फुले पुरंदर या जुन्या खात्रीच्या जाती. एनएमके-१ गोल्डनचे फळ तोडल्यावर जास्त टिकते, बाळानगर तीन-चार दिवसांत मऊ पडते. म्हणून बाळानगर लावणाऱ्याने गर काढणाऱ्या केंद्राशी आधी बोलून ठेवावे. चिंच, जांभूळ कलमाचेच घ्यावे. चिंचेत प्रतिष्ठान, जांभळात कोकण बहाडोली. बियांपासूनची चिंच आठ-दहा वर्षे फळ देत नाही.

पहिली तीन वर्षे उत्पन्न कशाचे, हा प्रश्न रास्त आहे. शेवगा लागवडीपासून सहा-आठ महिन्यांत शेंगा देतो, मधल्या पट्ट्यात मूग, मटकी, हुलगा, तूर निघते. कांदा मात्र घेऊ नका. त्याच्या पाळ्यांचे पाणी झाडांच्या बुंध्याला लागते. टोमॅटो, वांगीही नकोत. त्यांच्यामुळे जमिनीत सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी) वाढतात आणि पुढे पेरू, डाळिंब, अंजीर यांच्या मुळांवर गाठी येतात. पेरूचे रोप घेताना एक पिशवी फाडून मुळे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सेंद्रिय म्हणवणाऱ्या बागा जिथे कोसळतात ती जागा म्हणजे नत्राचा हिशेब. सीताफळाच्या पाच वर्षांवरील झाडाला शिफारस वर्षाला २५० ग्रॅम नत्राची आहे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का. म्हणजे ५० किलो शेणखतात नेमके २५० ग्रॅम. हिशेब जुळतो. एकरी १६० झाडांना आठ टन शेणखत लागते, ते पहिल्या वर्षी झाडामागे १० किलोपासून दरवर्षी १० किलोने वाढवत न्यावे, कारण शेणखतातले नत्र एका वर्षात सगळे सुटत नाही. गिरिपुष्पाचा १५ किलो ओला पाला सुमारे १०० ग्रॅम नत्र देतो, तेवढे शेणखत वाचते. डाळिंबाची शिफारस मात्र ६२५ ग्रॅमची आहे. ५० किलो शेणखतानंतर उरलेले ३७५ ग्रॅम निंबोळी पेंडीतून द्यायचे तर झाडाला आठ किलो पेंड, एकरी ३०० झाडांना चोवीस क्विंटल, शिवाय पंधरा टन शेणखत. त्यात तेल्या (फळा-पानांवर तेलकट डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग) आणि मर (झाड वाळवणारा रोग). तेल्या रोगट रोपांतून, पावसाच्या तुषारांतून आणि छाटणीच्या कात्रीतून पसरतो. मालेगाव, सटाणा, देवळा भागाने त्यापायी बागा काढून टाकलेल्या आहेत. म्हणून सेंद्रिय बागेत डाळिंब एक पंचमांशाच्या वर नको, तेही हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलणारा) धरून आणि प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करून.

शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या जीवामृताबद्दलही हाच हिशेब मांडावा. १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि २०० लिटर पाणी. या सगळ्यातले नत्र पाव किलोच्या आसपास, म्हणजे संपूर्ण एकराला एका सीताफळाच्या झाडापुरते. जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. जमिनीत कुजण्यासारखा पाला आणि शेणखत असेल तर ते काम करते. उघड्या मुरमावर ओतून काही होत नाही. एका गाईवर तीस एकर शेती होते असे सांगणारे अनेक आहेत. एक गाय वर्षाला कुजलेले खत देते टन-दीड टन. आठ टनांना पाच-सहा जनावरे लागतात, किंवा तेवढे खत विकत घ्यावे लागते. आपल्याकडे कोंबडीखत सहज मिळते, पण ते न कुजवता घातले तर मुळे भाजतात आणि मोठ्या पोल्ट्रीचे खत सेंद्रिय प्रमाणीकरणात अडचणीचे ठरते.

खड्डे एप्रिल-मेमध्ये खोदून महिनाभर तापू द्यावेत. चिंच, आंबा, जांभळाला मीटरभर लांब-रुंद-खोल, बाकीच्यांना ६० सेंटिमीटर. भरताना वरची माती आणि गाळ-मुरूम, २० किलो कुजलेले शेणखत, एक ते दीड किलो निंबोळी पेंड, शेणखतात मुरवलेली ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (मुळांचे रोग रोखणारी उपयुक्त बुरशी). तळाशी वाळला पाचोळा भरण्याची पद्धत आहे, ती मुरमात सोडावी, वाळवी लागते. अर्धकच्चे शेण घातले की हुमणी (मुळे खाणारी अळी) येते. वळवाच्या पहिल्या सरीनंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोरीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. फांद्या हलवून ते गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय, पण तो सगळ्या शिवाराने एकदम करायला हवा. खड्डा जमिनीच्या वर वीतभर चढवून भरावा, कारण पावसात माती बसते. पाणी न उतरणाऱ्या खड्ड्याला उताराच्या दिशेने नाली काढावी.

लागवड पहिल्या सरीवर नको. शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमीन आतून भिजली की मग. पिशवीच्या तळाचे दोन सेंटिमीटर मुळांसकट कापा, वेटोळी मुळे सोडवा. कलमाचा जोड जमिनीच्या वर वीतभर राहिला पाहिजे. जोडाखालून येणारी फूट दर पंधरा दिवसांनी काढा. ती राहिली तर दोन वर्षांत कलम मरते आणि खुंट झाड म्हणून वाढतो, हे फळ आल्यावरच कळते.

ठिबकचे दोन ड्रिपर पहिल्या वर्षी खोडापासून १५-२० सेंटिमीटरवर ठेवा, दुसऱ्या वर्षी ४५ वर, तिसऱ्या वर्षानंतर दुसरी नळी टाका. नळी जिथल्या तिथे राहिली तर मुळे तिथेच गोळा होतात, बुंधा कुजतो आणि झाड वाऱ्याने कलते. पहिल्या वर्षी हिवाळ्यात झाडाला रोज चार ते सहा लिटर, मे महिन्यात आठ ते दहा. टँकरवर जगवायचे असेल तर कच्च्या भाजणीची पाच-सात लिटरची मडकी झाडाजवळ पुरावीत आणि चार-पाच दिवसांनी भरावीत. आच्छादन दहा सेंटिमीटर जाड, पण खोडाभोवती वीतभर जागा मोकळी. पहिल्या उन्हाळ्यात नैर्ऋत्येला तुरीच्या काड्यांचा आडोसा हवाच, खोडाला चुना लावावा. जीवामृत ठिबकमधून सोडू नये. सोडायचेच असेल तर दोनदा कापडातून गाळून आणि नंतर वीस मिनिटे साधे पाणी चालवून.

कीड-रोगांचे थोडक्यात. सीताफळावरचा पिठ्या ढेकूण मुंग्या वर नेतात, म्हणून खोडावर चिकट पट्टी आणि भोवतालची माती हलवणे आधी, लेकॅनिसिलियमची (कीड मारणाऱ्या बुरशीची) फवारणी नंतर, तीही हवेत दमटपणा असताना. पेरू-आंब्याच्या फळमाशीला एकरी चार-पाच मिथाइल युजेनॉल सापळे. बोरावरची फळमाशी वेगळी आहे, तिच्यासाठी या सापळ्यांवर विसंबू नका. उन्हाळ्यात झाडाखालची माती उकरून कोष तापवा आणि गळालेली किडकी बोरे रोज उचला. पाच टक्के निंबोळी अर्क म्हणजे पाच किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर करणे. फवारणी संध्याकाळी, उन्हात त्याचा गुण जातो. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहा, तांबूस झाला तर चुना कमी आहे. सेंद्रियमध्ये तांब्याला मर्यादा आहे, म्हणून प्रत्येक फवारणीची नोंद ठेवा.

शेजारी द्राक्षबाग असेल तर ब्लोअरने उडालेली औषधे तुमच्या झाडांवर येणार. मध्ये झाडांची भिंत, एक पट्टा मोकळा आणि त्या कडेच्या ओळींचे फळ वेगळे तोडून वेगळे विकायचे. बहुवर्षायू पिकांना प्रमाणीकरणासाठी रूपांतराची तीन वर्षे मोजली जातात, म्हणजे नोंदी पहिल्या खड्ड्यापासून ठेवल्या तर फळ सुरू होईपर्यंत ती संपतात. सहभाग हमी पद्धतीत, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेते तपासून हमी देण्याच्या पद्धतीत, निदान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, छोट्या बागेला तोच मार्ग परवडतो.

शेवटी कृषी खात्याला आपल्या वृत्तपत्रामार्फत एक विनंती. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते आणि झाडे जिवंत असल्याची अट असते. पण जमीन तयार करणे आणि माती-शेणखताने खड्डे भरणे ही कामे शेतकऱ्याच्या स्वखर्चावर सोडलेली आहेत. वर लिहिल्याप्रमाणे झाड जगते की मरते हे याच कामांवर ठरते. बरड जमिनीच्या अर्जांसाठी तरी चाचणी खड्ड्याची खोली, मुक्त चुना आणि पाणी उतरण्याचा वेळ हे तीन रकाने अर्जात घ्यावेत, चरांचे काम लागवडीच्या एक वर्ष आधी मंजूर करावे आणि खड्डे भरण्याचा खर्च धरावा. आणि आपल्याला विनंती अशी की फळबागेची माहिती जूनऐवजी फेब्रुवारीत छापावी. तेव्हा वाचणाऱ्याच्या हातात चर खोदायला तीन महिने असतात.

आपले,
चांदवड-सिन्नर भागातील काही कोरडवाहू फळबागायतदार
(जि. नाशिक)